जुन्या स्क्रीनला नसलेली जागा

भुताखेतांच्या अनुभवांचं हे पान मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. खोटं कशाला बोलू... दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की एखादा अनुभव मोठ्याने वाचायचा आणि लेखकाने नेमकी कुठे थाप मारली ते बायकोला फोन करून सांगायचं, हा माझा आवडता टाइमपास. भूत-बित, चकवा, करणी यांतलं काही मी कधी मानलं नाही. आमच्याकडे एकदा बोंब उठली होती की तानसाच्या पाइपलाइनजवळ पांढऱ्या साडीतली बाई उभी असते. मी सकाळी बाइक काढून गेलो. वॉचमनची चादर वाळत घातलेली होती. चादरीसोबत फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

म्हणून आता मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीचे लोक पोट धरून हसतील. हसू द्या.

माझं शहापूरला एस.टी. स्टँडच्या मागे लॅपटॉप-प्रिंटर रिपेअरिंगचं दुकान आहे. राहायला वाशिंदला. अठरा वर्षं हेच काम करतोय. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे माझं ठाम मत. गिऱ्हाईक सांगतं, ‘आपोआप बंद पडला.’ उघडावा तर आत चहा. त्यामुळे कुठलंही मशीन हातात घेतलं की मी दोन गोष्टी न चुकता करतो. खाली माझ्या दुकानाचा स्टिकर आहे का ते बघतो, आणि डेस्कटॉप दिसायला लागला की मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवतो. कारण नंतर कोणीतरी येऊन म्हणतंच, ‘माझी एक फाईल होती, ती गेली.’ फोटो दाखवला की तोंड बंद.

या सवयीमुळेच मी आज अडकलोय.

मागच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवार होता हे पक्कं आठवतं, कारण शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर लाइट नसते आणि मी इन्व्हर्टरवर होतो. एक बाई दुकानात आली. पन्नाशीची असेल. एका हातात ओली छत्री, आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात लॅपटॉप. पंधरा इंची, काळा, स्क्रीन उजवीकडून पार चिरलेला. मी उलटा केला तर खाली माझाच स्टिकर, आणि त्यावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं - ‘एचडीएमआय डेड’. म्हणजे सेकंडहँड घेऊन मीच विकलेला. बाहेरची मोठी स्क्रीन जोडायचं भोक त्यात पहिल्यापासून चालत नव्हतं.

“कोणाचा आहे?” मी विचारलं.

“माज्या रेश्माचा.”

मग मला आठवली. रेश्मा इथेच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मुरबाड तालुक्यातून, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून रोज स्कूटीवर यायची. वाडीचं नाव लिहीत नाही. लॅपटॉप घेताना तिने माझं डोकं खाल्लं होतं. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डवर स्टिकर लावून द्या म्हणून हट्ट धरला, आणि एक जरा वाकडा लागला तर काढून परत लावायला लावला. मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही मुलांना शिकवता की छळता?” ती हसली होती.

तिची स्कूटी जुलैमध्ये किन्हवलीच्या पुढे वळणावर घसरली, एवढं कानावर आलं होतं. ती वाचली नाही हेही. पण ती म्हणजे हीच मुलगी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी म्हटलं, “मावशी, बसा.” ती बसली नाही. तिला फक्त एकच विचारायचं होतं, आतलं लिहिलेलं दिसेल ना? मी सांगितलं, स्क्रीन फुटलाय, आतलं सगळं शाबूत असणार, पॅनेल मागवतो, आठ दिवसांनी या. नाव विचारलं, हिराबाई. मोबाईल नंबर शेजाऱ्यांचा. सगळं लिहून घेतलं आणि घड्याळाकडे बघत सहज म्हणालो, “बरं मावशी, जा आता, तुमची गाडी चुकेल.”

ती उंबऱ्यात थबकली.

“जा नका बोलू, दादा. या बोला.”

तोंडातून गेलं होतं खरं. आपल्यात कोणी जाणाऱ्याला ‘जा’ म्हणतं का... पण दुकानदारी करताना माणूस रेटून बोलतो. मी सॉरी म्हटलं. तेव्हा ती परत आत आली, बाकड्यावर बसली आणि सांगायला लागली.

“लावनीचा दिस व्हता. मानसं मिळंनात. मी बोलले, आजच्या दिस थांब गो, तुजा क्लास काय पळून नाय चालला. ती बोल्ली, पोरांची परीक्षा हाय. लय भांडलो. मंग घटकाभर यावर बसली, खटाखट काय तरी लिवलान, ह्यो मिटून बॅगंत घातला, बॅग उचल्ली आन् उंबऱ्यातना बोल्ली, ‘जाते मी.’” हिराबाई माझ्याकडे बघत नव्हती. “रोज येते बोलायची, दादा. लहानपनापासना. त्या दिशी जाते बोल्ली. आन् मी पन रागात... मी बोलले, ‘जा.’”

मी हातातला पेन खाली ठेवला.

“मना बाकी काय नको. रागात गेली का राग उतरल्ता, येवढा कळला म्हंजे झाला. यात लिवला आसंल. तुमी वाचून सांगा. मना चौथीपरेंत येतंय, पन हे बारीक दिसत नाय.”

एखादं काम आपण घेतो तेव्हा खरं तर काय घेतोय ते कळत नाही. मी पॅनेल बदलायचं काम घेतलं होतं.

आता थोडं तांत्रिक. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या लॅपटॉपचा मूळ स्क्रीन साधा होता, आडवे तेराशे सहासष्ट ठिपके आणि उभे सातशे अडुसष्ट. कल्याणच्या होलसेलवाल्याकडे तो मिळेना. त्याने फुल एचडी पाठवला, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. साइज तीच, पिना त्याच, फक्त ठिपके जास्त. “लाव, चालतो,” म्हणाला. होलसेलवाल्याचं काय जातं सांगायला!

लावला. नुसता पांढुरका उजेड, चित्र नाही. बाहेरची स्क्रीन जोडून बघावं तर एचडीएमआय डेड. स्टिकर माझाच, तक्रार कोणाकडे करणार? दोन दिवस गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की जुन्या केबलमध्ये एवढे ठिपके वाहून न्यायच्या ताराच नाहीत. वेगळी केबल मागवली. आता चित्र आलं, पण कसं? मधोमध जुन्या मापाचं आणि भोवती चारी बाजूंनी काळी चौकट. भिंतीवर फोटो लावलाय असं. आठव्या दिवशी हिराबाई दुकानात हजर झाली तेव्हा मी इथवर पोचलो होतो.

तेवढ्या चौकटीतल्या डेस्कटॉपचा मी सवयीने फोटो काढला. डावीकडे दोन रांगा. अकरा फाईली आणि फोल्डर. मोजले, अकरा.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, जुना होता, तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून डाउनलोडला लावला. नेट असं की पाऊण तास तरी लागणार. तोवर म्हटलं, मावशी, बघून घेऊ. मी एकेक उघडत गेलो आणि ती शेजारी स्टूलवर पदर मुठीत धरून बसली. क्लासच्या नोट्स. मुलांची हजेरी. कोणाचे तरी ऑनलाइन फॉर्म. वाडीतल्या कोणाच्या लग्नाची पत्रिका. एका फोल्डरचं नाव होतं ‘आई’. ते तिने स्वतःच वाचलं, बोट लावून.

“आ... ई. मी?”

आत वीसेक फोटो होते. हिराबाई खाचरात वाकलेली. हिराबाई म्हशाच्या जत्रेत बांगड्या बघताना. हिराबाई भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं. त्या फोटोवर ती खुदकन हसली, “मेली! झोपेत काढलान!” आणि मग पदर तोंडाला लावला.

पण लिहिलेलं काही नाही. त्या सकाळी खटाखट जे काही लिहिलं ते कुठेच सापडेना. रिसायकल बिन बघितला, तारखा लावून बघितलं, नावाने शोधलं. शेवटची फाईल आदल्या रात्रीची, मुलांची प्रश्नपत्रिका.

“राग नाय... काय पन नाय,” ती म्हणाली. “म्हंजे मंग जाते हाच शेवटचा.”

मला खरंच वाईट वाटलं. रागही सापडला असता तर तिने तो उराशी धरला असता, असं मला वाटतं.

तेवढ्यात ड्रायव्हर उतरला. लॅपटॉप रीस्टार्ट केला, सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्युशन, म्हणजे ठिपक्यांचं माप, पूर्ण केलं आणि चित्र कडेपर्यंत पसरलं. काळी चौकट गेली. अर्थातच सगळं बारीक झालं.

“लहान झाला की हो सारा!”

मी तिला समजावलं. म्हटलं, मावशी, खाचर तेच आहे, आधी रोपं लांब लांब लावली होती, आता जवळ जवळ लावली. म्हणून डावीकडचं सगळं आखडून बसलं आणि उजवीकडे, खाली, नवी जागा निघाली.

“दाट लावनी,” ती म्हणाली. तिला कोणत्याही इंजिनिअरपेक्षा लवकर कळलं. मग तिने बोट पुढे केलं. “आन् ता काय? त्या नव्या जागंत?”

उजव्या कोपऱ्यात अगदी खाली एक फाईल होती. एकटीच. पांढऱ्या कागदाचं चिन्ह, साधी टेक्स्ट फाईल. मी वाकून नाव बघितलं आणि काहीही विचार न करता, दुकानात दिवसभर वाचतो तसं, मोठ्याने वाचलं.

“येते.”

ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय वाचलं.  हिराबाईने लॅपटॉपवर कपाळ टेकलं, कीबोर्डवरच. कळा दाबल्या जाऊन लॅपटॉपचं टुकटुक सुरू झालं आणि मी ते थांबवतही नव्हतो.

आता माझ्यातल्या मेकॅनिकचं ऐका. जागा नवी होती. जुन्या स्क्रीनला तो कोपराच नव्हता. तिथे फाईल ठेवायची म्हटली तरी ठेवता आली नसती, अंगणाबाहेर तुळस लावण्यासारखं झालं असतं. बरं, समजा कुठून तरी ठेवली. स्क्रीन लहान झाला की कॉम्प्युटर बाहेर राहिलेल्या सगळ्या फाईली ओढून आत घेतो, तो नियमच आहे. म्हणजे तासाभरापूर्वीच्या माझ्या फोटोत ती आत कुठेतरी दिसायला हवी. फोटोत अकरा. आत्ता बारा.

हिराबाईला ते नाव स्वतः वाचायचं होतं आणि बारीक दिसत होतं, म्हणून मी रेझोल्युशन परत जुन्या मापावर आणलं. सगळं मोठं झालं. आणि ती फाईल आत आली नाही. ती दिसेनाशीच झाली.

“कुठं गेली?” ती उभीच राहिली. “दादा, कुठं गेली? आना तिला! आना!”

तिने माझं मनगट असं धरलं की वळ उठला. मी घाईघाईने परत पूर्ण माप केलं. आली. त्याच कोपऱ्यात. मी मोबाईलवर फोटो काढला. तो आजही माझ्याकडे आहे, पण मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला की पट्टे येतात ना, नेमके तिथे ते पट्टे आलेत. पांढरं चिन्ह दिसतं, खालचं नाव पुसट. पुरावा मागणाऱ्यांनी आधीच मला चादरवाला म्हणून मोकळं व्हावं.

मी माउस त्या फाईलवर नेला. हिराबाईने माझ्या हातावर हात ठेवला.

“नका उघडू.”

“अहो, आत काहीतरी लिहिलं असेल. त्यासाठीच तर...”

“आत रागाचा आसला तर?” ती म्हणाली. “नाव येते हाय ना? मना येवढा पुरे.”

मी नाही उघडली. तिने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, आणि दारातून मागे वळून म्हणाली, “येते हां दादा.” चेहरा असा उजळलेला की मला मनातून बरं वाटलं. काम चांगलं झालं असं वाटलं... किती मूर्ख असतो माणूस.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता एकच प्रश्न विचारला, “तुम्हीच केलीत ना ती फाईल? तिला बरं वाटावं म्हणून?”

मी नाही केली. देवाशपथ म्हणणार होतो, पण मी देवही मानत नाही. मला ते सुचलं असतं तर कदाचित केलीही असती. सुचलंच नाही.

वाशिंदचा माझा एक मित्र कंपनीत आयटी बघतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, सोपं आहे, तिने क्लासमध्ये मोठा मॉनिटर जोडून ती फाईल केली असेल, ती जागा लक्षात राहिली. मला इतकं हायसं वाटलं! अर्धा दिवस मी शीळ घालत काम केलं. मग स्टिकर आठवला. एचडीएमआय डेड.

दिवाळी झाल्यावर शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून हिराबाईचा फोन आला. लॅपटॉप बंद पडलाय, लवकर या. आवाज असा की घरात कोणी अत्यवस्थ आहे. मी म्हटलं घेऊन या दुकानात, तर म्हणाली, “नाय, त्यो जाग्यावरना हलवायचा नाय.” मग रविवारी सकाळी एक चार्जर घेतला आणि बाइकवर निघालो. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, मग म्हसा, आणि पुढे सिद्धगड समोर दिसायला लागतो तो रस्ता. भात कापून झालं होतं. किन्हवलीच्या पुढच्या वळणावर मी बाइक हळू केली, का ते माहीत नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. घर स्वच्छ सारवलेलं. आत खिडकीपाशी टेबलावर लॅपटॉप उघडा, स्क्रीन काळा. हिराबाई चुलीपाशी होती. तब्येत सुधारलेली, केस चोपून विंचरलेले, अंगावर बरी साडी. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मीच ओशाळलो.

चार्जर जळला होता. म्हटलं, किती वेळ चालू ठेवता? तर म्हणाली, “बंद कशाला करू? तिला दिसाया पायजे ना.” श्रावणापासून तो लॅपटॉप एकदाही बंद केला नव्हता. दाराला कडीही लावत नव्हती, हे मला शेजारणीने नंतर सांगितलं. दिवसा नाही आणि झोपतानाही नाही.

मी नवा चार्जर लावला. स्क्रीन उजळला आणि आधी माझं डोकंच फिरलं. कोऱ्या पॅनेलवर कुंकवाचे ठिपके! उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होऊन तिरके वर, डावीकडे. बोटाने लावलेले, एकामागे एक. मी खिशातून फडकं काढलं.

“पुसू नका! ती माजी खून हाय.”

“कसली खूण?”

“ती कुठवर आली त्याची.”

मग मी बघितलं. फाईल कोपऱ्यात नव्हती. कोपऱ्यात पहिला ठिपका होता. फाईल शेवटच्या ठिपक्याच्या पुढे होती, स्क्रीनच्या साधारण मध्यावर. ठिपक्यांची रांग जिकडे चालली होती तिकडे, डावीकडे वरती, ‘आई’ नावाचं फोल्डर होतं.

“आदी एक घर सरकायला पंधरा दिस लागल्ते,” ती भाकरी थापत सांगत होती, शेताची बातमी सांगावी तसं. “आता बिगीबिगी येतंय. येते बोल्ली ना ती. बोल्ली म्हंजे यायचीच.”

मी विचारलं, कोणी हात लावतं का? शेजारची मुलं? नाही म्हणाली. तिला स्वतःला माउस धरता येत नाही, हे मी दुकानात बघितलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणावं, तर हा कावळा एकाच दिशेने चालला होता. मी सेटिंग बघितलं. फाईली आपोआप रांगेत लावायचं बटण बंद होतं. ते चालू असतं तरी फाईल एकदम डावीकडे गेली असती. मुक्काम करत करत कोणतीच फाईल जात नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “उघडू या का एकदा? काय आहे ते बघून टाकू.”

“आता कशाला? आल्यावर तीच सांगंल.”

तिने दोन ताटं वाढली. मला वाटलं एक माझं, एक तिचं. एक माझं होतं. दुसऱ्यावर तिने झाकण ठेवलं आणि ते टेबलाजवळ सरकवलं. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. मी भाकरीचे तुकडे करत बसलो. ही बाई शोक करत होती तेव्हा तिच्यापाशी निदान बसता येत होतं. आता ती वाट बघत होती, आणि वाट बघणाऱ्याला काय सांगणार? हे मी केलं होतं. तो एक शब्द मनात वाचला असता तर? ‘काही नाही मावशी, रिकामी फाईल आहे’ म्हटलं असतं तर? बारीक होतं, तिला दिसत नव्हतं. रडून रडून एक दिवस थांबली असती. माणसं थांबतात.

निघताना चपला घातल्या आणि दारात अडलो. जातो म्हणवत नव्हतं. येतो म्हणायचं धाडस नव्हतं. नुसती मान हलवून बाइकला किक मारली.

तेव्हापासून मी त्या दिशेला गेलेलो नाही. आयटीवाल्या मित्राला ठिपक्यांचं सांगितलं, तो म्हणाला टचपॅड खराब असेल, बोट न लावता सरकतं कधी कधी. असेल. मी स्वतः तसे टचपॅड दुरुस्त केलेत, त्यात माउसचा बाण सैरावैरा पळतो. तो पंधरा पंधरा दिवस थांबून एका घराकडे चालत जात नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा सांगतोय.

पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. परवा फोन आला. लग्न ठरल्यासारखा आवाज.

“दादा, आता दोनच टिकल्यांची जागा राह्यलीय. पोचलीच समजा. तुमी पन या. तुमीच वाचलात ना तिला पयल्यांदा.”

हिराबाईला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, अशी एक साधी गोष्ट आहे. कॉम्प्युटर वापरणाऱ्या कोणालाही ती माहीत असते. फाईल सरकत सरकत फोल्डरवर आली की ती फोल्डरच्या आत जाते. डेस्कटॉपवरून नाहीशी होते. हिराबाई उघड्या दाराकडे बघत बसलेली असेल, आणि मागे वळून बघेल तेव्हा स्क्रीनवर तिचे कुंकवाचे ठिपके असतील आणि पुढे काहीच नसेल.

तेव्हा तिथे कोणीतरी असायला हवं. फोल्डर उघडून दाखवायला, की बघा मावशी, कुठे गेली नाही, तुमच्या नावाच्या आत आहे. किंवा तिथेही नसली तर... तर मला माहीत नाही काय म्हणायचं ते.

मी हे सगळं फोनवर बोलणार होतो. तिने विचारलं, “येताय ना?” आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, “येतो, मावशी.”

आता जावंच लागेल.